पार्ट बदलण्याआधी मीटर लावा: जुन्या गाडीचं दुखणं शोधताना

आमची मारुती ८०० आहे १९९७ ची, कार्बोरेटरवाली, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळायचं साधं यंत्र असलेली. वडिलांनी घेतली तेव्हापासून ती चिपळूणच्या दमट हवेतच राहिली. मागे एका जुलैत तिने रोज सकाळी त्रास द्यायला सुरुवात केली. चावी फिरवली की कधी नुसती 'टक' करायची, कधी कण्हत कण्हत दोन फेरे घ्यायची आणि गप्प व्हायची. गॅरेजमध्ये आधी बॅटरी बदलली. चार-पाच दिवस बरे गेले, पुन्हा तेच. मग सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, उतरवला, कार्बन ब्रश आणि बुश नवे घातले. आठवडाभर ठीक, पुन्हा तेच. सात हजारांच्या वर खर्च झाला आणि गाडी अजून धक्क्यावरच सुरू होत होती.

शेवटी एका रविवारी साडेतीनशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर आणला आणि बॉनेट उघडलं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवला. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवली, लाल पिन इंजिनच्या एका स्वच्छ, रंग नसलेल्या बोल्टवर. मुलीला आत बसवलं आणि म्हटलं, "न्यूट्रलमध्ये आहे ना बघ, आणि मार सेल्फ." इंजिन कण्हलं आणि मीटरवर आकडा आला २.१.

या दोन्ही जागा अर्थच्या. बॅटरीचा निगेटिव्ह खांब जाड काळ्या वायरने इंजिनला जोडलेला असतो. त्या दोघांत फरक जवळजवळ नसायला हवा. सेल्फ मारताना फार तर ०.२-०.३ व्होल्ट. इथे दोन व्होल्ट वाटेतच गळत होते. वायरीचा माग काढत खाली गेलो. गिअरबॉक्सजवळ जिथे तिचं थिंबल (टोकाची धातूची कडी) बोल्टखाली बसतं, तिथे हिरवट-पांढरी भुकटी साचली होती आणि थिंबलच्या तोंडाशी अर्ध्याहून जास्त तारा कुजून तुटल्या होत्या. वरून वायर धडधाकट दिसत होती, कारण काळं रबर शाबूत होतं. नवी अर्थ वायर दोनशे वीस रुपयांना मिळाली. जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. पुन्हा सेल्फ मारला, मीटरवर ०.१ आणि इंजिन लगेच सुरू.

गॅरेजवाल्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. बॅटरी म्हातारी झालीच होती, ब्रशही झिजलेले होते. पण दर वेळी काम करताना त्या वायरी हलल्या, नवी बॅटरी जुनीपेक्षा थोडा जास्त जोर लावू शकली, म्हणून चार दिवस बरे गेले. जुन्या गाडीत अशी फसगत फार होते. तिथे प्रत्येकच पार्ट थोडा थोडा झिजलेला असतो. जो बदलाल त्याने थोडं बरं वाटतं, आणि खरं कारण आपल्या जागी तसंच राहतं. म्हणून पैसे काढण्याआधी मोजायचं. नुसत्या अंदाजाने पार्ट आणायचा नाही.

पुढे जे लिहितोय ते मुख्यतः कार्बोरेटरच्या मारुती ८०० वर बेतलेलं आहे. ही गाडी डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ अशी तीस वर्षं बनत होती. ७९६ सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन, आणि २००० च्या आसपास एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी पद्धत, येईपर्यंत कार्बोरेटर. पद्मिनी, ॲम्बेसेडर, जुन्या जीप यांनाही बहुतांशी हीच पद्धत लागू पडते. एमपीएफआय गाडीत पेट्रोलकडचा आणि ठिणगीचा काही भाग वेगळा, बाकी बहुतेक तेच.

दोन व्होल्ट नेमके जातात कुठे

सेल्फची मोटर इंजिन फिरवताना साधारण १०० अँपिअर करंट ओढते. घरातला पंखा अर्धा अँपिअरही घेत नाही, यावरून अंदाज घ्या. एवढा करंट वाहताना वाटेत जरासा अडथळा आला तरी तो महागात पडतो. सांधा गंजून फक्त ०.०२ ओहमचा विरोध तयार झाला, तर १०० गुणिले ०.०२ म्हणजे २ व्होल्ट तिथेच खर्च. सेल्फ मारताना बॅटरी स्वतःच साडेदहा-अकरावर उतरते. त्यातले दोन गेले की मोटरच्या वाट्याला साडेआठ उरतात. तेवढ्यात ती कण्हणारच.

इथे बरेच जण चुकतात. ते वायर काढून तिच्या दोन्ही टोकांना मीटर लावतात आणि 'बीप' वाजला की वायर चांगली म्हणून मोकळे होतात. बीप वाजायला एक तारही पुरते. शंभर अँपिअर न्यायला सगळ्या तारा लागतात. शिवाय ०.०२ ओहम हा आकडा आपल्या साध्या मीटरला दिसतही नाही. म्हणून वायर जागेवर ठेवून, करंट वाहत असतानाच दोन टोकांमधले व्होल्ट मोजायचे. करंट नसताना गंजलेला सांधाही शून्यच दाखवतो.

अर्थची बाजू चांगली निघाली तर हाच प्रयोग पॉझिटिव्ह बाजूला करायचा. एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, म्हणजे खांबाच्या शिशावरच, टर्मिनलवर नाही. दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. इथेही अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर एक एक टप्पा मागे या: खांब ते टर्मिनल, टर्मिनल ते वायर, वायर ते सोलेनॉइड (सेल्फवरचा जाड स्विच), सोलेनॉइडच्या दोन बोल्टांच्या मध्ये. ज्या टप्प्यात आकडा उडी मारतो तिथे आजार आहे.

मीटर नसेल तर जंपर केबलच्या जोडीतली एक वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या लोखंडाला पक्कं चिमटा. आता सेल्फ जोरात फिरला तर अर्थ वायर खराब, हे नक्की झालं.

कोकणात आणि समुद्राकाठच्या कुठल्याही गावात विजेच्या तक्रारींत मी आधी अर्थच बघतो. एका बाजूचा हेडलाइट मंद आणि दुसरा चांगला, इंडिकेटर दिला की मागचा पार्किंग दिवाही लुकलुकतो, ब्रेक दाबला की डॅशबोर्डचा भलताच दिवा लागतो, हे सगळं बहुतेक वेळा खराब अर्थचं लक्षण असतं. करंटला बॉडीकडे परतायची सरळ वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. इंडिकेटर एकाएकी भराभर लुकलुकायला लागला तर त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो, तेवढंच.

बॅटरी, चार्जिंग आणि रात्रीची चोरी

बॅटरीचे आकडे तोंडपाठ असावेत. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली घसरू नये. उभी असताना १२.६ आणि सेल्फ मारताच ८, असं झालं तर बॅटरी आतून गेली. भरलेली बॅटरी ८ दाखवत असेल तरच हा निकाल द्यायचा. अर्धी असेल तर आधी चार्ज करून परत बघायचं.

इंजिन सुरू झालं की बॅटरीच्या खांबांवर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा यायला हवा. हेडलाइट आणि ब्लोअर लावून, जरा रेस देऊन बघा. तरीही साडेतेराच्या वर राहिला तर अल्टरनेटर (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारा) ठीक. १२.५ च्या आसपासच रेंगाळला तर चार्जिंग होत नाही: पट्टा सैल असेल, ब्रश झिजले असतील किंवा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्ट आवरणारा भाग, गेला असेल. १५ च्या वर गेला तर उलटा आजार. रेग्युलेटर अडवत नाही, बॅटरीचं पाणी उकळून उडतं, बल्ब वरचेवर जातात. दर पंधरवड्याला बॅटरीत पाणी घालावं लागत असेल तर पाणी घालत बसू नका, आधी हा आकडा बघा.

डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा चावी ऑन केल्यावर लागायलाच हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. चालत्या गाडीत तो लागला तर आपण ओळखतो. पण चावी ऑन करूनही तो लागतच नसेल तर कुणाचं लक्ष जात नाही. बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरला जागं करणारा सुरुवातीचा करंट याच बल्बमधून जातो. पाच-दहा रुपयांचा बल्ब गेला म्हणून अल्टरनेटर उतरवलेला मी पाहिला आहे.

आणि बॅटरी चांगली, चार्जिंगही चांगलं, तरी तीन-चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी बसते? मग कुणीतरी रात्री करंट पितंय. मीटर अँपिअरवर ठेवा, लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला. चावी काढून, दारं बंद करून, निगेटिव्ह टर्मिनल उतरवा आणि मीटर खांब आणि टर्मिनल यांच्या मध्ये जोडा. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल किंवा मीटरच जळेल. जुन्या साध्या गाडीत घड्याळ आणि स्टिरिओची मेमरी धरून ३०-४० मिलिअँपिअरच्या वर काही असू नये. समजा २०० दिसले. २०० मिलिअँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला ४.८ अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी आठवड्यात पूर्ण रिकामी होते, आणि सेल्फ उचलत नाही इतकी कमजोर तर त्याच्या कितीतरी आधी. आता एक एक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा एकदम खाली येतो, त्या सर्किटमध्ये चोर आहे. बहुतेक वेळा तो नंतर बसवलेला स्टिरिओ, सेंट्रल लॉक किंवा हॉर्नचा रिले असतो. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच असेल तर अल्टरनेटरची जाड वायर सोडून बघा, त्यातला डायोड गळत असू शकतो. त्या वायरीला थेट बॅटरीचा करंट असतो, म्हणून बॅटरी सोडल्याशिवाय तिला पाना लावायचा नाही.

फ्यूज वारंवार उडत असेल तर १० च्या जागी २० चा कधीही घालू नका. फ्यूजला चंदेरी कागद गुंडाळणं तर नाहीच. फ्यूज वाचेल आणि वायर जळेल, आणि जुन्या गाडीत वायरीचा गठ्ठा पेट्रोलच्या नळीशेजारून गेलेला असतो. पावसाळ्यात उबेला येऊन बसलेले उंदीर वायरी कुरतडतात, तेही फ्यूज उडण्याचं नेहमीचं कारण. बॉनेटखाली लेंड्या दिसल्या तर शोध तिथूनच सुरू करा.

इंजिन फिरतंय, पण पेटत नाही

इथे सेल्फ आणि बॅटरी दोन्ही निर्दोष सुटले. आता प्रश्न दोनच: ठिणगी आहे का, आणि पेट्रोल पोचतंय का. एका वेळी एकच प्रश्न विचारायचा.

ठिणगीसाठी एक प्लग काढा, त्याच्या वायरीत परत बसवा आणि प्लगचा लोखंडी भाग इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठेवा. धरायला इन्सुलेशनची पक्कड वापरा, तिथे हजारो व्होल्ट असतात. जवळ पेट्रोल सांडलेलं किंवा उघडं नको. सेल्फ मारला की निळसर, जाड, 'टक टक' आवाज करणारी ठिणगी दिसली तर इग्निशन चांगलं. पिवळट, बारीक ठिणगी म्हणजे कमजोर. काहीच नसेल तर मागे मागे जा: प्लग वायर, डिस्ट्रिब्युटरचं (सगळ्या प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाचं) झाकण, त्याच्या आत फिरणारा रोटर, व्होल्ट वाढवणारी कॉइल, आणि जुन्या मॉडेलमध्ये पॉइंट (कॉइलचा करंट तोडणारा स्विच) व कंडेन्सर. पॉइंट जळून खडबडीत झाले असतील आणि घासल्यावरही महिन्याभरात तसेच होत असतील तर पॉइंटला दोष देऊ नका, कंडेन्सर बदला. गॅप फीलर गेजनेच मोजायची: पॉइंटची ०.४ ते ०.५ मिलिमीटर, प्लगची ०.७ ते ०.८.

पावसात बंद पडणाऱ्या गाडीला माझ्याकडे एक जुना उपाय आहे. रात्री, अंगणातला दिवा मालवून, बॉनेट उघडून चालू इंजिनकडे बघायचं. प्लग वायरींवर किंवा डिस्ट्रिब्युटरच्या झाकणावर निळे कोंब धावताना दिसले तर तिथून करंट गळतोय. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी रेघ असते. ती कोळशाची वाट आहे, पुसून जात नाही. झाकण बदलावंच लागतं.

आता एक प्रसंग सांगतो, कारण यात दोन आजार हुबेहूब एकमेकांसारखे दिसतात. मे महिन्यात कुंभार्ली घाट चढताना ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरवर रखडत होतो. इंजिनने दोन झटके दिले आणि बंद. सेल्फ छान फिरतोय, पेटत नाही. असं झालं की लोक वीस मिनिटं थांबतात, गाडी सुरू होते आणि प्रश्न तसाच राहतो. गरम असताना बंद आणि थंड झाल्यावर सुरू, हे लक्षण कॉइलचंही असतं आणि पेट्रोलचंही. कॉइलच्या आतली बारीक तार तापून फाकते आणि थंड झाल्यावर परत जुळते. पेट्रोलच्या बाबतीत नळीतच त्याची वाफ होते. कार्बोरेटरच्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनवरच बसवलेला असतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं, त्यात बॉनेटखालची भट्टी. पंप वाफच ओढत बसतो.

दोन्हींतला फरक कळायचा क्षण एकच, गाडी बंद पडलेली असताना. मी लगेच ठिणगी बघितली. निळी, जाड, उत्तम. म्हणजे कॉइल निर्दोष. पंपावर आणि नळीवर ओला पंचा टाकला, दहा-बारा मिनिटांत गाडी सुरू झाली. घरी येऊन बघितलं तर पेट्रोलची नळी तिच्या क्लिपमधून निसटून सायलेन्सरकडच्या गरम बाजूला टेकली होती. क्लिप नवी घातली आणि तो त्रास संपला. ठिणगी न बघता कॉइल बदलली असती तर पुढच्या मे महिन्यापर्यंत मला वाटलं असतं की बरी झाली.

पेट्रोल पोचतंय का हे पाहायला एअर फिल्टरचं झाकण काढा आणि इंजिन बंद असताना ॲक्सिलेटरची तार हाताने ओढा. कार्बोरेटरच्या घशात बारीक पिचकारी दिसली तर पेट्रोल आहे. नसेल तर क्रमाने फिल्टर, पंपाचा पडदा, टाकीतली जाळी बघा.

पेट्रोलविषयी एक गोष्ट आता लक्षात ठेवावी लागते. भारतात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल २०२३ पासून विकायला सुरुवात झाली. नव्वदच्या दशकातल्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं, आणि हवेतलं पाणी शोषून घेतं. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळही ते सोडवतं, मग तो फिल्टरमध्ये आणि जेटमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकात) येतो. पंपाचा पडदा आणि नळ्या किती वर्षांच्या आहेत ते आठवत नसेल तर आधीच बदलून टाका. नळीतून इंजिनवर पेट्रोल ठिबकणं हा खर्चाचा प्रश्न उरत नाही, आगीचा होतो.

मिसिंग, धूर आणि प्लगचा रंग

गाडी चालते पण थरथरते, पिकअप नाही, मध्येच मिसिंग मारते, म्हणजे एखादा सिलेंडर पेटत नाही. इंजिन मंद चालू ठेवा आणि इन्सुलेशनच्या पकडीने एका वेळी एका प्लगची वायर काढा, आणि काढलेली वायर लोंबकळत न ठेवता जुन्या प्लगला लावून इंजिनला टेकवा. तीन सिलेंडरपैकी चांगल्या सिलेंडरची वायर काढली की इंजिन ठळकपणे बसतं. ज्याची काढल्यावर काहीच फरक पडत नाही तो सिलेंडर काम करत नाहीये. आता प्लग त्या सिलेंडरचा शेजारच्याला आणि शेजारचा त्याला लावा. आजार प्लगबरोबर गेला तर प्लग खराब. जागेवरच राहिला तर वायरींची अशीच अदलाबदल करा. त्यातूनही राहिला तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब.

तिन्ही सिलेंडर सारखेच अशक्त वाटत असतील तर चोक (हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी कळ) वापरून बघा. गरम इंजिनवर चोक अर्धा ओढला आणि इंजिन सुधारलं, तर त्याला पेट्रोल कमी पडतंय: जेट तुंबलंय किंवा मॅनिफोल्डच्या (सिलेंडरकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या भागाच्या) एखाद्या नळीतून फुकटची हवा आत शिरतेय. चोक ओढल्यावर आणखी बिघडलं तर पेट्रोल आधीच जास्त आहे. फुटकी व्हॅक्यूम नळी कान लावला तर 'स्स्स' असा आवाज देते.

काढलेले प्लग क्रमाने कागदावर मांडा. विटकरी-तपकिरी रंग म्हणजे सगळं बरं. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. ओला, तेलकट काळा म्हणजे ऑईल वर येतंय. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, जास्त तापतंय. सायलेन्सरचा धूरही याच भाषेत बोलतो: काळा पेट्रोलचा, निळसर ऑईलचा, आणि इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा वाफेचा. थंडीत सकाळी दोन मिनिटं पांढरी वाफ आली तर घाबरू नका.

पीयूसीचा कागद आपण नुसता डॅशबोर्डमध्ये ठेवून देतो. तो वाचावा. त्यात कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर पेट्रोल जास्त जातंय. हायड्रोकार्बन जास्त आणि कार्बन मोनॉक्साइड बेताचा असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, म्हणजे कुठला तरी सिलेंडर मिसिंग मारतोय. एवढी माहिती सहा महिन्यांनी किंवा वर्षाने आपल्या हातात येते. जुने कागद जपून ठेवले तर आकडे कधीपासून बिघडले तेही कळतं.

निळा धूर आणि ऑईल खाणं यावर 'इंजिन खोलावं लागेल' हे वाक्य ऐकायला मिळतं. खोलण्याआधी कॉम्प्रेशन मोजून मागा. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, कॉइलची वायर सोडलेली, ॲक्सिलेटर पूर्ण दाबलेला. तीन सिलेंडरचे तीन आकडे वहीत लिहा. एकच सिलेंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर त्यात चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंग झिजल्यात, कारण ऑईलने तात्पुरती फट बुजवली. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. रिंगचं काम आणि व्हॉल्व्हचं काम यांच्या खर्चात मोठा फरक आहे, आणि तो एक चमचा ऑईलने कळतो. शेजारशेजारचे दोन्ही सिलेंडर सारखेच खाली असतील तर मधली हेड गॅस्केट उडाली असावी.

टेंपरेचरचा काटा वर चढला तर

आधी गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि रेडिएटरचं झाकण अर्धा तास तरी उघडू नका. आत दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापलेलं पाणी असतं, झाकण ढिलं होताच ते तोंडावर येतं. हे भाजणं फार वाईट असतं, मी जवळून पाहिलं आहे.

शहरात, सिग्नलला काटा चढतो आणि हायवेला खाली येतो? पंखा फिरत नाही. रेडिएटरच्या पंख्याला थर्मो स्विच असतो. त्याची जोडणी काढून दोन्ही वायरी एकमेकींना जोडा, चावी ऑन करा. पंखा फिरला तर स्विच खराब, नाही फिरला तर फ्यूज, रिले किंवा मोटर. हायवेवर चढावाला तापते आणि शहरात ठीक? रेडिएटर आतून तुंबलाय. थंड इंजिन सुरू केल्यापासून काही मिनिटांत काटा सरळ वर आणि रेडिएटरची वरची नळी अजून थंड? थर्मोस्टॅट, म्हणजे गरम झाल्यावर पाण्याची वाट मोकळी करणारी झडप, उघडत नाही. तो साधारण ८२ अंशांपासून उघडायला हवा. काही मिस्त्री तो काढूनच टाकतात. आपल्या हवेत चालतं म्हणतात, पण इंजिन नेहमी थंड राहिलं की पेट्रोल जास्त जातं आणि ऑईलमध्ये पाणी धरतं. चारशे-पाचशे रुपयांचा पार्ट आहे, नवा बसवा.

बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर चालतात. म्हणून चालता चालता बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ काटाही चढायला लागला, तर पट्टा तुटलाय. लगेच थांबा. आणखी पाच किलोमीटर दामटलं तर हेड वाकतं.

खालचे आवाज

हे थोडक्यात. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू काढताना 'कटकट-कटकट' आलं तर ॲक्सलचा सीव्ही जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं असतं. वेगाबरोबर वाढणारी घरघर वळणावर कमी-जास्त होत असेल तर चाकाचं बेअरिंग: उजवीकडे वळताना वाढली तर डावं, डावीकडे वाढली तर उजवं. खड्ड्यात 'खट' म्हणजे लोअर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंट. रेस वाढते पण गाडी वेग धरत नाही तर क्लच प्लेट. मोकळ्या मैदानात हँडब्रेक पक्का ओढून चौथ्या गिअरवर हळू क्लच सोडा, इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट शाबूत आहे.

ब्रेकबाबत मात्र घरी प्रयोग फक्त उभ्या गाडीत करायचे. पेडल स्पंजासारखं लागतंय आणि दोन-तीनदा पंप केल्यावर वर येतंय, तर लाइनमध्ये हवा आहे. पेडल दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली बसत जातंय, तर एकतर कुठून तरी ब्रेक ऑईल गळतंय किंवा मास्टर सिलेंडरचे (पेडलने दाबला जाणाऱ्या मुख्य सिलेंडरचे) आतले रबर गेलेत. चारही चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. ओला, तेलकट डाग दिसला तर त्या चाकाचा सिलेंडर. कुठेच डाग नाही आणि डब्यातली पातळीही कमी होत नाही, तर मास्टर. दोन्हींपैकी काहीही असलं तरी गाडी चालवत गॅरेजला न्यायची नाही. दोरी बांधून टोचनही करायचं नाही, कारण टोचनात मागच्या गाडीला स्वतःचाच ब्रेक लागतो. मिस्त्रीला घरी बोलवा किंवा गाडी उचलून नेणारा ट्रक मागवा.